काकूंचं बस्तान

काकूंना काका कधीच नव्हते. लग्नच झालं नव्हतं, तर काका येणार कुठून? पण परदेशातल्या त्या चार खोल्यांच्या घरात त्या दोन बॅगा ओढत शिरल्या, तेव्हा तिथे आधीपासून राहणाऱ्या तिघी मुलींनी एका नजरेत त्यांचं वय जोखलं आणि त्यांतली दातवाली, जणू जन्माची ओळख असल्यासारखी, "या काकू, बूट इथे काढा," म्हणाली. एकोणचाळीस वर्षांच्या बाईने ते हसून झेललं. आपण इथे शिकायला आलोय, मान घ्यायला नाही, असं त्यांनी मनाला बजावलं. नाव विचारायचं मुलींना सुचलं ते चौथ्या दिवशी, आणि तोवर काकू हे नाव अंगाला चिकटून वाळलंही होतं.

तिघींपैकी दातवाली मायदेशी दातांची डॉक्टर होती आणि पुढचं शिकायला आली होती. कंप्युटरवाली काय शिकते ते काकूंना शेवटपर्यंत नीट कळलं नाही, पण ती दिवसभर कानाला यंत्र लावून पडद्याशी बोलायची. तिसरी चिमणी. एकवीस वर्षांची, इमारतींचे नकाशे शिकायला आलेली, अंगाने एवढीशी, आणि वाक्य सुरू केलं की अर्ध्यात सोडून देणारी. तिलाही हे नाव बाकीच्या दोघींनीच दिलं होतं.

काकूंचे वडील बायंडर. कचेऱ्यांची रजिस्टरं, शाळांचे हजेरीपट, कुणाच्या पणजोबांची फाटकी पोथी, असं सगळं त्यांच्या दुकानात यायचं. त्यांचे हात कापायला लागले तेव्हा सुई, दाभण आणि खळीचं भांडं लेकीकडे आलं. पुढे ती कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकदुरुस्तीच्या कामाला लागली आणि सतरा वर्षं मागच्या खोलीत मान खाली घालून शिवत राहिली. एकदा बाहेरून आलेल्या एका तज्ज्ञाने तिने सांधलेलं पान उजेडात धरलं, आणि सांधा कुठे आहे ते त्याला सापडेना. त्याच्याच खटपटीने जुन्या कागदांचं जतन शिकवणाऱ्या या परदेशी संस्थेत तिला शिष्यवृत्तीवर जागा मिळाली. भाऊ म्हणाला, या वयात लोक पोरांना पाठवतात, स्वतः जात नाहीत.  वहिनीने निघायच्या आठवडाभर आधीच काकूंचा कपाटातला कप्पा रिकामा करून घेतला.

नवीन देशात माणूस पहिल्यांदा आंधळा होतो, मग मुका, आणि मग हळूहळू दोन्ही बरं होतं. काकूंचंही तसंच झालं. बसचं दार आपोआप उघडत नाही, बटण दाबावं लागतं, हे कळेपर्यंत दोन बस समोरून निघून गेल्या. दुकानातलं पैसे घेणारं यंत्र त्यांनी पिशवी ठेवली की मोठ्याने बोंबलायचं आणि रांगेतले लोक माना वळवायचे. खोलीतल्या हीटरची कळ डावीकडे फिरवायची की उजवीकडे, हे विचारायची लाज वाटली म्हणून पहिले अकरा दिवस त्या स्वेटर घालून, वर शाल घेऊन झोपल्या. कपडे धुवायच्या यंत्राचा वार ठरलेला होता; त्यांना मिळाला बुधवार, कारण बुधवार कुणालाच नको होता.

वर्गात मात्र हात बोलायचे. शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच आठवड्यात त्यांचं पुस्तक सगळ्यांना फिरवून दाखवलं. पण हात बोलत होते तेवढं तोंड बोलत नव्हतं. प्रश्न समजायचा, उत्तरही यायचं, आणि ते जिभेवर येईपर्यंत बाई पुढच्याकडे वळलेल्या असायच्या. दर महिन्याला वर्गापुढे उभं राहून दहा मिनिटं बोलावं लागे. त्याची तयारी काकू न्हाणीघरात आरशासमोर, नळ सोडून करायच्या. नळाच्या आवाजात आपलं बोलणं बाहेर जात नाही, असा त्यांचा समज होता.

घरातला स्वयंपाक त्यांच्याकडे कसा आला, हे कुणालाच सांगता आलं नसतं. पहिल्या रविवारी त्यांनी हौसेने चौघींचं केलं. मुलींनी बोटं चाटली, आईच्या हातची आठवण आली म्हणून दातवालीने डोळेसुद्धा पुसले. पुढच्या आठवड्यात दोनदा झालं. महिन्याभरात संध्याकाळी सहाला तिघी पाटावर बसल्यासारख्या टेबलाशी येऊन बसू लागल्या, आणि उशीर झाला तर "काकू, आज काही नाही का?" असं विचारू लागल्या. आयत्या बिळावर तीन नागोबा. भांडी मात्र ज्याची त्याने, असं दाराच्या मागे लिहून चिकटवलं होतं. त्यामुळे कढया काकूंच्या, कारण कढया काकूंनीच वापरलेल्या. काकूंना राग आला नाही. आपल्याला इथे जागा मिळाली ती चुलीपाशी का होईना, असं त्यांना वाटलं.

चिमणीची आई दर रविवारी सकाळी फोन करायची. आधी लेकीशी बोलायची आणि मग म्हणायची, काकूंना दे. काकू आल्याच्या पहिल्याच रविवारी त्या बाईने पडद्यावरून हात जोडले होते. "तुम्ही घरात मोठ्या आहात. आमची पोर तुमच्या भरवशावर," असं ती म्हणाली, आणि काकूंची मान जरा ताठ झाली. सतरा वर्षांत कुणी त्यांच्या भरवशावर पुस्तकांखेरीज काही सोपवलं नव्हतं.

तीन महिने झाले असतील. एके दुपारी काकूंना बसमध्ये डुलकी लागली आणि त्या थेट शेवटच्या थांब्यावर पोचल्या. उतरून पाहतात तर बाकावर चिमणी. मांडीवर दप्तर, शेजारी नकाशांची नळी, नजर समोरच्या भिंतीवर. कॉलेज तर शहराच्या दुसऱ्या टोकाला. काकू शेजारी जाऊन बसल्या आणि काही न विचारता त्यांनी डब्यातलं निम्मं तिच्यापुढे धरलं. मग ती रडली.

झालं होतं ते असं. सहा आठवडे जागून चिमणीने पुठ्ठ्याची एक इमारत बनवली होती. तिच्या सरांनी भर वर्गात ती दोन बोटांनी उचलली, सगळ्यांना दाखवली, आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. वर्ग हसला. दुसऱ्या दिवशी चिमणीचा पाय कॉलेजच्या दारातून आत जाईना. त्याला आता सात आठवडे झाले होते. रोज सकाळी दप्तर घेऊन निघायची, बसने या टोकाला यायची, डबा खायची, आणि वेळ झाली की परत. घरी सांगितलं तर बाबा त्याच दिवशी परत बोलावतील. आधीच त्यांना पाठवायचं नव्हतं.

"काकू, तुम्ही कुणाला..." एवढंच ती म्हणाली.

"माझ्या पोटातून बाहेर जाणार नाही," काकू म्हणाल्या, आणि तेव्हा ते खरं होतं.

नुसतं पोटात ठेवून त्या थांबल्या नाहीत. आपल्या मोडक्यातोडक्या भाषेसकट त्या चिमणीचा हात धरून तिच्या कॉलेजच्या कचेरीत गेल्या. तिथली बाई भली निघाली. तिने सगळं ऐकून घेतलं, त्या सरांचं नाव ऐकून डोळे मिटले, आणि म्हणाली की वाट आहे. डॉक्टरचा दाखला आणा, अर्ज भरा. महिन्याभराने एका बुधवारी समितीची बैठक आहे, तिच्यापुढे चिमणीने स्वतः यायचं. पुढच्या सत्रापासून दुसऱ्या शिक्षकाकडे नव्याने सुरुवात करता येईल, आणि घरी कळवायची गरज नाही. अर्ज काकूंनीच समोर बसून भरवला. त्यानंतरचे तीन रविवार त्यांनी चिमणीच्या आईला सांगितलं की पोर अभ्यासात आहे, डोकं वर काढत नाही. खोटं बोलताना त्यांना मजा वाटली, हेही सांगायला हवं. पहिल्यांदाच त्या कुणाच्या तरी कटात होत्या.

ती बैठक पाच दिवसांवर आली, तेव्हाचा शुक्रवार. कंप्युटरवाली घाईत होती. धुण्याच्या वारांची अदलाबदल करायची होती आणि त्याचा तक्ता तिच्या लॅपटॉपवर होता. "काकू, तुम्हीच बघून घ्या ना, उघडाच आहे," असं म्हणून ती आंघोळीला गेली. काकूंनी टेबलाशी बसून चष्मा लावला. तक्त्याच्या शेजारी दुसरी एक खिडकी उघडी होती. तिघींचा आपसातला गट. वर नाव होतं: बिनकाकांच्या काकू.

काकूंनी सगळं वाचलं. वाचायचं काम त्यांना सावकाश आणि मन लावून करता यायचं. त्यांच्या डोक्याच्या तेलाचा वास, त्याला दातवालीने दिलेलं नाव. हीटरवर वाळत घातलेल्या त्यांच्या परकराचा फोटो, खाली कंप्युटरवालीने लिहिलेलं की झेंडावंदन सकाळी आठला. काका असता तर कधी पळाला असता, यावरचे तर्क. आणि एक आवाज साठवलेला. काकूंनी तो लावला. आधी नळाचा आवाज, मग त्या स्वतः, अडखळत, एकच शब्द चार वेळा चार तऱ्हांनी म्हणणाऱ्या, आणि दाराबाहेर दाबलेलं हसू. दातवालीने तो तिच्या दवाखान्यातल्या मैत्रिणींनाही पाठवला होता, आणि त्यांनी काय काय म्हटलं तेही इथे आणून चिकटवलं होतं.

चिमणीचं त्यात फार नव्हतं. एकदा तिने लिहिलं होतं, "असू दे गं, जेवायला तरी घालतात." आणि त्या आवाजाखाली एक हसरा चेहरा टाकला होता. एकच. तारीख काकूंनी पाहिली. शेवटच्या थांब्यावरच्या त्या दुपारनंतरची होती.

न्हाणीघरातलं पाणी बंद झालं. काकूंनी तक्ता पुढे आणला, आपला बुधवार सोमवारशी बदलला, आणि कांदा चिरायला घेतला.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी नेहमीसारखं चौघींचं जेवण केलं. वाढताना, आणखी घे, असंही म्हणाल्या. राग कुणाचा यायला हवा ते त्यांना नीट कळत होतं. पण दातवालीचं काय करणार? तिच्या घरचे तिला राणी समजत होते, कॉलेजात ती पहिली होती. कंप्युटरवालीला तर नोकरीही लागली होती. दोघींना बोट लावायलाही कुठे फट नव्हती. फट होती ती एकाच ठिकाणी, आणि ती काकूंनी स्वतःच्या हाताने, प्रेमाने, बोटाने चाचपून पाहिलेली होती. वड्याचं तेल वांग्यावर निघतं ते असं. वडा हाताला लागत नाही म्हणून.

रविवारी फोन आला. चिमणी बोलून आंघोळीला गेली आणि फोन काकूंच्या हातात राहिला. तिच्या आईने नेहमीसारखं विचारलं, कशी आहे आमची, डोकं वर काढते की नाही?

"ताई," काकू म्हणाल्या, "तुम्ही जरा बसून घ्या."

मग त्यांनी सांगितलं. आवाज चढवला नाही, एक शब्द वाढवला नाही. किती आठवडे कॉलेजला गेली नाही, कोणती बस, कोणता बाक, किती वाजता निघते आणि किती वाजता परतते. मला हे पोटात ठेवायला सांगितलं होतं, पण तुम्ही भरवशावर सोपवलेली पोर, माझ्याच्याने आता पाहवत नाही, असंही म्हणाल्या. पलीकडे ती बाई नुसती "अगं बाई, अगं बाई" करत राहिली. कचराकुंडीत गेलेली इमारत काकूंनी सांगितली नाही. बुधवारची बैठकही नाही.

तासाभरात चिमणीच्या बापाचा फोन आला. मंगळवारचं तिकीट काढलं होतं. चिमणी स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून बोलत होती. बाबा, फक्त बुधवारपर्यंत, बुधवारी सगळं ठीक होणार आहे, एक दिवस थांबा. बाप म्हणत होता की अजून कोणतं खोटं शिल्लक आहे. दातवाली आणि कंप्युटरवाली आपापल्या खोल्यांच्या दारात उभ्या होत्या. 

दुपारी चिमणीच्या आईने काकूंनाच पुन्हा फोन लावला. रडून तिचा घसा बसला होता. "ती म्हणते बुधवारी काही बैठक आहे, परत घेणार आहेत म्हणे. तुम्ही बरोबर गेला होता म्हणते. खरं आहे का हो? खरं असेल तर मी ह्यांच्या पाया पडते आणि तिकीट पुढे ढकलायला लावते."

काकूंच्या टेबलावर तेव्हा त्या अर्जाची प्रत होती. दोन पानं, टाचणी लावलेली. त्यांनी तिच्यावर हात ठेवला.

"ती बरंच काही सांगते, ताई," त्या म्हणाल्या. "त्यातलं खरं किती, मी कशी सांगू?"

सोमवारी काकूंनी वर्ग बुडवला आणि चिमणीचं सामान बांधायला बसल्या. हे काम त्यांना यायचं. कपड्यांच्या घड्या अशा घातल्या की एका बॅगेत दोन बॅगांचं मावलं. नकाशांच्या नळीला दोन्ही टोकांना पुठ्ठा लावून दिला. चिमणी पलंगावर बसून पाहत होती. तिचे डोळे सुजलेले होते, पण आता रडत नव्हती.

"तुम्हाला बुधवारचं माहीत होतं," ती म्हणाली. वाक्य तिने पहिल्यांदाच पुरं केलं होतं.

"होतं."

"मग आईला का नाही सांगितलं?"

काकूंनी स्वेटरची बाही आत दुमडली. खोटं बोलता आलं असतं. तेवढं तर त्या इथे शिकल्याच होत्या. "तुमचा तो गट मी वाचला," त्या म्हणाल्या.

चिमणीचा चेहरा उतरला. तिला ते आठवायला वेळ लागला, हे काकूंना दिसलं, आणि त्याचाच त्यांना सगळ्यात जास्त राग आला. "मी काही लिहिलं नव्हतं," ती म्हणाली. "त्या दोघी... मी फक्त..."

"माहीत आहे मला. त्या दोघी माझ्या हाताला लागल्या नसत्या. तू लागलीस."

एवढं बोलून त्यांनी बॅगेची चेन ओढली. ती एका जागी अडकली, तेव्हा चिमणीने नकळत पुढे होऊन बॅगेच्या झाकणावर दोन्ही हात दाबून धरले, आणि दोघींनी मिळून ती लावली.

मंगळवारी सकाळी टॅक्सी आली. दातवाली आणि कंप्युटरवाली तिच्या गळ्यात पडून रडल्या. काकू जिन्यावरून बॅग उतरवून आल्या आणि वर्गाला गेल्या. बुधवारी त्या कचेरीतल्या भल्या बाईचा फोन आला की मुलगी आली नाही, समितीचे लोक वाट पाहत आहेत. काकू म्हणाल्या की ती घरी गेली. बाई म्हणाली की असं बऱ्याच जणींचं होतं.

कंप्युटरवालीच्या ध्यानात यायला दोन दिवस लागले. शुक्रवारी लॅपटॉप कुणापुढे उघडा टाकून आपण आंघोळीला गेलो, हे तिला आठवलं असावं. त्यानंतर त्या घराचा वारा फिरला. कढया घासलेल्या मिळू लागल्या. संध्याकाळी सहाला टेबलाशी कुणी येईना. काकूंनी आपल्यापुरतं करायला सुरुवात केली. न्हाणीघराचं दार लागलेलं असलं की दोघी आपापल्या खोल्यांची दारं आवाज होईल अशी बंद करायच्या, आपण आतच आहोत हे कळावं म्हणून. एके दिवशी दातवालीने चहा करून आणला आणि "ताई, साखर बघा," म्हणाली. काकूंनी कप घेतला. साखर बरोबर होती. दातवालीची आई काही त्यांना फोन करत नव्हती, पण उद्या करणार नाही कशावरून, ही भीती त्या पोरीच्या डोळ्यांत स्वच्छ दिसत होती. ज्याला बस्तान बसणं म्हणतात ते काकूंचं असं बसलं.

चिमणीची खोली रिकामी झाली होती, मोठी होती आणि तिला ऊन होतं. काकूंनी घरमालकाला विचारून ती घेतली. खिडकीशी दोरी बांधून त्यावर ओले कागद वाळत घालता यायचे. हिवाळा सरताना वर्गापुढे बोलायची पाळी आली तेव्हा त्या दहाऐवजी चौदा मिनिटं बोलल्या, अडखळल्या तरी थांबल्या नाहीत, आणि शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या की तुमच्यात काहीतरी बदललंय.

पश्चात्ताप झाला का? काकू तो अधूनमधून शोधायच्या, किडका दात जिभेने चाचपावा तशा. कधी दुखायचं, कधी नाही. त्या शेवटच्या थांब्याला जाणारी बस समोर आली की मात्र त्या चढायच्या नाहीत. त्यांचं उतरायचं ठिकाण त्याच रस्त्यावर असलं तरी पुढच्या बसची वाट पाहायच्या.

चिमणीच्या आईचे फोन काही दिवस येत राहिले. तुमचे उपकार फिटणार नाहीत, वेळेवर सांगितलंत म्हणून पोर हातची गेली नाही, असं ती म्हणायची. मग ते कमी झाले. उन्हाळ्याच्या सुरुवातीला, काकूंची शेवटची परीक्षा तोंडावर असताना, तिने पुन्हा फोन केला. चिमणी बापाच्या दुकानात बसते, ती म्हणाली, सांगितलं ते करते, पण बोलत नाही. कुणाशीच नाही. चार चार दिवस तोंडातून शब्द निघत नाही. डॉक्टरला दाखवलं. एक स्थळ आलं होतं, त्यांच्यासमोरही गप्प बसून राहिली.

"तुमचं ती ऐकायची," ती बाई म्हणाली. "सारखं काकू काकू करायची हो. तुम्ही एकदा बोलता का तिच्याशी? इथेच बसली आहे, देऊ का?"

काकूंच्या हातात तेव्हा ओला कागद होता. ठेवला असता तर चिकटला असता. पलीकडे पंखा फिरल्याचा आवाज येत होता, आणि कुणीतरी अगदी जवळ श्वास घेत होतं.

"आत्ता नको, ताई, परीक्षा आहे," काकू म्हणाल्या. "झाली की मीच करते."

परीक्षा झाली. वर्गात त्यांचा पहिला नंबर आला आणि त्याच संस्थेने त्यांना दुरुस्तीच्या विभागात ठेवून घेतलं. फोन त्यांनी केला नाही. चिमणीच्या आईनेही पुन्हा केला नाही.